लॉर्डांच्या मांडीवरून उतरवून मिळणेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, निमखेड.

अर्जदार : रंगनाथ आबासाहेब खराडे, वय वर्षे ३४, धंदा ड्रायव्हर, मूळ राहणार मौजे वांगणे, तालुका निमखेड, हल्ली मुक्काम दोहा, कतार.

विषय : अर्जदार इंग्लंडातील लॉर्डांस दत्तक गेलेला नसून स्वतःच्याच आईवडिलांचा मुलगा आहे, अशी नोंद होऊन मिळणेबाबत.

संदर्भ : मौजे वांगणे येथील कै. आबासाहेब खराडे यांची वारस नोंद व त्यावरील गाव तलाठ्यांचा शेरा.

महोदय,

१. अर्जदार कोण, हाच या प्रकरणी वादाचा मुद्दा असल्यामुळे प्रस्तुत अर्जात 'मी' हा शब्द वापरलेला नाही. सर्वत्र 'अर्जदार' असे म्हटले आहे. अर्जदाराने आपल्याच कचेरीबाहेरच्या पिंपळाखाली एका अर्जनवीसाच्या हाताखाली तीन वर्षे काढली आहेत. लोकांचे अर्ज लिहिताना त्यांच्या मूर्खपणाला तो मनातल्या मनात हसत असे. आज त्याच पद्धतीने स्वतःचा अर्ज लिहिताना त्या सर्व लोकांची तो मनोमन क्षमा मागतो.

२. हकीकत अशी की, अर्जदार १९७६ पासून कतार देशी दोहा शहरात एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्रायव्हर आहे. त्याचे वडील आबासाहेब १९८१ च्या कार्तिकात वारले. अर्जदाराला परवानगी, विमान आणि बदली ड्रायव्हर या तिन्ही गोष्टी एकदम जमेनात, त्यामुळे तो तेराव्यानंतर पोहोचला. वडिलांना अग्नी चुलत भाऊ महिपती यांनी दिला. ते उपकार अर्जदार जन्मभर विसरणार नाही. मात्र पुढे वारस नोंदीची वेळ आली, तेव्हा महिपतींनी तलाठी कार्यालयात असे सांगितले की, अग्नी पुतण्याने दिला याचाच अर्थ मयतास मुलगा उरला नव्हता. मुलगा होता तो इंग्लंडच्या लॉर्डांस दत्तक गेला. त्यावर तलाठ्यांनी लाल शाईने शेरा मारला : "रंगनाथ हा परघरी दत्तक गेल्याने वारस नाही. सबब फक्त विधवा पारूबाई हिचे नाव दाखल."

३. हा शेरा वाचून अर्जदार प्रथम हसला. एकटाच असल्यामुळे बराच वेळ हसला. मग त्याच्या ध्यानात आले की, हा कागद कोणा परक्याने मनाने रचलेला नाही. यातला एकेक दगड अर्जदाराने स्वतः घडवून, स्वखर्चाने, विमानाने गावी पाठवलेला आहे. तो कसा, ते पुढे नम्रपणे नमूद करतो.

४. ज्यांच्या गाडीवर अर्जदार आहे, ते मि. बेसिल क्रॉफ्ट हे पाणी शुद्ध करणाऱ्या कारखान्यांचे इंग्रज इंजिनिअर होत. उंच, वाकलेले, नाकावर कायम सोललेली कातडी, आणि स्वभावाने देवमाणूस. १९७९ साली दुखानच्या रस्त्यावर गाडी थांबवून ते आलेली डाक वाचत होते. वाचता वाचता खाली उतरले आणि पोट धरून हसू लागले. अर्जदाराला वाटले ऊन लागले. त्याने पाण्याचा थर्मास पुढे केला. साहेब म्हणाले, "रांगनाट, माय कझिन फिनिश. नाऊ आय लॉर्ड." साहेब अर्जदाराशी बोलताना इंग्रजी मुद्दाम मोडून बोलत, म्हणजे अर्जदाराला आपले इंग्रजी मोडके वाटू नये. असा माणूस.

५. अर्जदाराने 'लॉर्ड' हा शब्द आजवर फक्त कोर्टात ऐकला होता. म्हणून साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर जी वाळू साठली होती तीत बोटाने आपली वंशावळ काढली. ती अशी. त्यांचा मूळपुरुष राजाच्या फौजेला खोगिरे पुरवीत असे. त्याच्या खोगिरावरून राजा एकदाही पडला नाही, म्हणून राजाने खूश होऊन त्यास विंटलबी या गावाच्या नावाने लॉर्ड केले आणि सनद दिली की, तू आणि तुझ्या पोटच्या मुलग्यांचे मुलगे, वंश असेतो. दुसरा लॉर्ड त्याचा थोरला मुलगा. दुसऱ्याचा थोरला बापाआधीच गेला, म्हणून तिसरा लॉर्ड नातू झाला, तो पाळण्यात असतानाच. चौथा तिसऱ्याचा थोरला, त्याला पाच मुली. पाचही हुशार, एकीने तर दुर्बिणीतून नवा तारा शोधला म्हणतात, पण सनदेत मुलगी बसत नसल्यामुळे लॉर्डकी पाचही जणींना ओलांडून चौथ्याच्या धाकट्या भावाकडे गेली. तो पाद्री होता आणि त्याला ती नको होती. पण ही गोष्ट नको म्हणून सुटत नाही. पाद्र्यानंतर त्याचा मुलगा सहावा. तो लग्न न करता पंधरा कुत्र्यांसह नव्वद वर्षे जगला आणि निपुत्रिक वारला. मग वकिलांनी पुन्हा झाडावर चढून, तिसऱ्या लॉर्डाच्या सर्वांत धाकट्या, म्हणजे पाद्र्याच्याही पाठच्या मुलाच्या फांदीवरून सरकत सरकत, कतारच्या वाळवंटात उभे असलेले आमचे साहेब शोधून काढले. सातवे लॉर्ड विंटलबी गाडीच्या डाव्या दिव्याजवळ आले आणि तिथे बॉनेट संपले.

६. अर्जदाराने विचारले की, जमीन किती? साहेब म्हणाले, जमीन आजोबांच्या वेळीच विकली गेली. वाडा? त्यात आता शाळा आहे. मग मिळाले काय? एक लाल झगा, तोही उंदरांनी कुरतडलेला. "नो लँड, नो हाउस. ओन्ली नेम." साहेबांना दोन मुलीच आहेत. त्यामुळे त्यांच्यामागे हे नाव ऑस्ट्रेलियात मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या एका दूरच्या पुतण्याकडे जाणार, ज्याला साहेबांनी कधी पाहिलेले नाही. अर्जदाराला त्या मुलींचे वाईट वाटले. आपल्याकडे छप्पन सालच्या कायद्याने मुलीला वाटा आहे, हे त्याने साहेबांना मोठ्या अभिमानाने सांगितले. आपल्याकडच्या कायद्याचा अर्जदाराला वाटलेला हा शेवटचा अभिमान. नंतर साहेब यल्ला, म्हणजे अरबीत चला, असे म्हणाले, गाडीत बसले, आणि संध्याकाळी अर्जदाराने नेहमीच्या शिस्तीने ओल्या फडक्याने सगळे लॉर्ड पुसून टाकले.

७. इथवर सर्व ठीक होते. परंतु इकडची मंडळी गावी पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवतात. कोणी सुटीवर निघाले की त्याच्या बॅगेत प्रत्येकाची एकेक कॅसेट. अर्जदाराच्या आईला वाचता येत नाही, म्हणून अर्जदारही कॅसेटच पाठवी. आता माणूस पत्र लिहिताना लेखणीला जरा आवरतो, पण कॅसेट फिरत असली की रिकामी जाऊ नये म्हणून बोलतच राहतो. त्या कॅसेटची दुसरी बाजू भरता भरेना, तेव्हा अर्जदार बोलून गेला, "आबा, आई, ऐकताय न्हवं? आमचं सायेब लॉर्ड झालं. इंग्लंडच्या राजवाड्यात त्यांची खुर्ची हाय. त्यांस्नी पोरगा न्हाई. मला म्हनत्यात, रंगनाथ, तू माझ्या घरचाच." साहेब असे म्हणाले होते हे खरे आहे. त्यावेळी ते जेवायला बोलावत होते, एवढे अर्जदाराने सांगितले नाही. ही कॅसेट वडिलांनी हौसेने देवळाच्या भोंग्यावर लावली आणि गावाला पेढे वाटले. आपला मुलगा लॉर्डाचा ड्रायव्हर आहे असे समजून वाटले की लॉर्ड झाला असे समजून, हे त्यांना विचारायचे राहून गेले.

८. आता मांडीविषयी. हा भाग लिहिताना अर्जदाराला शरम वाटते, परंतु प्रकरणाचा कणा तोच आहे. १९८० च्या श्रावणात दोहातील फरीज बिन ओमरान या वस्तीत साहेबांचे दुय्यम इंजिनिअर विजयराव व त्यांच्या पत्नी विभावरीताई यांच्या फ्लॅटवर सत्यनारायण होता. साहेबांना आमंत्रण होते. त्यांना मांडी घालून बसता येईना, म्हणून त्यांना भिंतीशी पाटावर पाय पसरून बसवले होते. आरती संपत आली होती, मंडळी फुले व अक्षता उधळत होती, गुरुजींनी दोन्ही हात वर केले होते, आणि अर्जदार प्रसादाच्या शिऱ्याचे ताट घेऊन मधून वाट काढीत होता. विजयरावांच्या रेशमी सोवळ्याचा सोगा मागे लोळत होता. त्यावर अर्जदाराचा पाय पडला. विजयराव पुढे गेले, अर्जदार मागे आला, आणि हातातले ताट न सांडता सरळ सातव्या लॉर्ड विंटलबींच्या मांडीवर बसला. साहेबांनी तो पडू नये म्हणून त्याला दोन्ही हातांनी कवेत धरले. ते हसले. अर्जदारही हसला. त्याच क्षणी अर्जदाराचा खोलीसोबती इलियास, जो नवा कॅमेरा घेतल्यापासून दिसेल त्याचे फोटो काढीत असे, त्याने बटण दाबले.

९. फोटो उत्तम आला आहे. नक्कल सोबत आहे. वरून अक्षता पडताहेत, गुरुजी आशीर्वाद देताहेत, यजमान दांपत्य हात जोडून उभे आहे (वास्तविक विजयराव सोवळे सावरीत होते), आणि मध्यभागी चौऱ्याहत्तर किलो वजनाचा, मिशी राखलेला अर्जदार गोऱ्या साहेबाच्या मांडीवर, हातात शिरा. आपल्याकडे दत्तकाला मांडीवर घेतात हे अर्जदाराला काय माहीत नव्हते? पण आपला फोटो म्हणजे गंमत, आणि गंमत ती गावाने पाहिलीच पाहिजे, या हरभऱ्याच्या झाडावर तो चढलेला होता. त्याने फोटो गावी पाठवला. मागे काही लिहिले नाही. गंमत समजावून सांगायची नसते, असे त्याचे मत होते.

१०. त्यानंतर दोन वर्षे अर्जदारास थोरामोठ्यांच्या घरून मुली सांगून येत होत्या. एका देशमुखांनी तर मुलीला इंग्रजी काट्याचमच्याने जेवायला शिकवले. अर्जदार हे सगळे स्वतःच्या रूपाला आणि नोकरीला मिळालेले फळ समजत होता. त्याने त्यासाठी दोहाच्या बाजारातून एक सूटही शिवून घेतला. तो सूट अद्याप घातलेला नाही.

११. कायद्याचे म्हणाल तर दत्तक घेणारा हिंदू असावा लागतो. साहेब हिंदू नाहीत. मुलगा पंधरा वर्षांच्या आतला हवा. अर्जदार फोटोत एकतीसचा आहे आणि दिसतो त्याहून थोराड. यावर महिपतींचे म्हणणे की, आपल्याकडे रिवाजाने मोठा माणूसही दत्तक जातो. ते खरे आहे. आणि लॉर्डाने प्रसाद घेतला तेव्हाच तो हिंदू झाला, असेही महिपती म्हणतात.

१२. अर्जदाराने साहेबांना हा सारा प्रकार सांगितला. ते आधी हसले, मग अर्जदाराचा चेहरा पाहून हसायचे थांबले. त्यांनी स्वतःच्या हाताने दाखला लिहून दिला की, आपण रंगनाथ यास कधीही दत्तक घेतलेले नाही, त्याचे वजन फक्त एकदा सोसले आहे. खाली सही केली : "विंटलबी". लॉर्ड मंडळी सहीत स्वतःचे नाव, बापाचे नाव, आडनाव काहीच लिहीत नाहीत. फक्त पदवीचे गाव लिहितात. तलाठ्यांनी दाखला परत केला. हरकत अशी : "सही अपूर्ण. इसमाचे पूर्वीचे नाव बेसिल क्रॉफ्ट, हल्लीचे नाव विंटलबी. नाव पालटले त्याअर्थी सदर इसम स्वतःच कोठेतरी दत्तक गेलेला दिसतो. त्याचा मूळ घराण्याशी संबंध प्रथम सिद्ध करावा." म्हणजे आता अर्जदाराला आधी साहेबांची सात पिढ्यांची वंशावळ सिद्ध करणे आले, आणि ती तर त्याने फडक्याने पुसलेली.

१३. एका गोष्टीची आपण जरूर दखल घ्यावी. अर्जदाराने माणसाच्या कमकुवतपणाने, एकदाच, गाडी चालवता चालवता साहेबांना विचारून पाहिले की, समजा, नुसते समजा, दत्तक घेतलेच असते, तर लॉर्डकी मिळाली असती का? साहेब म्हणाले, नाही. त्यांच्या सनदेत फक्त पोटचा मुलगा चालतो, लग्नाच्या बायकोचा. दत्तक आलेल्याला लॉर्डकी मिळत नाही. आणि आपल्याकडे दत्तक गेलेल्याला वतन उरत नाही. म्हणजे दोन थोर देशांच्या कायद्यांनी मिळून अर्जदाराला असा नेमका मधोमध उभा केला आहे की त्याचा बापच कोणी नाही. असला योग कोणाच्या पत्रिकेत क्वचितच असेल. इलियासने यावर एकच शब्द उच्चारला, "खलास."

१४. इथवरचे अर्जदाराने हसत सोसले असते. शेतजमिनीपायी त्याने आपली झोप घालवलेली नाही. महिपती ती कसतात, त्यांनी कसावी. आई असेतो तिची, आणि पुढचे पुढे. पण नोंदीच्या नकलेसोबत आईच्या जबाबाची नक्कल आली. ती वाचल्यापासून अर्जदाराचे हसणे बंद आहे.

१५. अर्जदार एकुलता एक. त्याची समजूत होती की, आईला कोणी काही विचारलेच नसेल, नाहीतर पारूबाई खराडे या नावाच्या बाईने तलाठ्याच्या टेबलावर हात आपटला असता. तर तिला विचारले होते. मुलगा दत्तक दिला काय? तिने 'होय' सांगितले. राजीखुशीने दिला काय? 'होय, राजीखुशीनं.' खाली अंगठा. जबरदस्तीचा म्हणावा तर डाग नाही, अगदी ठसठशीत उमटला आहे.

१६. अर्जदाराने ताबडतोब कॅसेट पाठवली की, आई, हे सगळे खोटे आहे, मी साधा ड्रायव्हर आहे, साहेबांच्या बाजूच्या सीटवर बसतो, मांडीवर नव्हे. त्याचे उत्तर गेल्या महिन्यात आले. गावातल्या एका सुटीवरून परतणाऱ्या प्लंबरने आणून दिले. आईचा आवाज आहे. ते शब्द अर्जदार फेरफार न करता उतरवतो :

"रंगनाथराव, पारूबाईचा नमस्कार. तुमी म्हनता मी ड्रायव्हर हाय. मोठी मान्सं असंच म्हनत्यात, आमच्या ध्यानात येतंय. तलाठी म्हनलं, एक मानूस दोन घरचा ल्योक ऱ्हाऊ शकत न्हाई. मी हक्क सांगितला तर तुमची लॉर्डकी जाईल. मग मीच म्हनलं, द्या हिकडं, कुठं अंगठा करायचा. नऊ म्हैनं पोटात वागवलं त्ये काय मागारी मागायला न्हाई. तुमचं चांगलं व्हतंय, बास. आता फोटूतल्या त्या सायबास्नी सांगा, तुमास्नी तूप सोसत न्हाई, खोकला व्हतोय. सांभाळून ऱ्हावा. गावाकडं याची तसदी घेऊ नका."

१७. महोदय, अर्जदाराने ही कॅसेट पुष्कळदा ऐकली. त्याला कळून चुकले आहे की, आईची समजूत तो स्वतः काढू शकत नाही. जितके 'मी लहान माणूस आहे' म्हणावे, तितका तिच्या लेखी तो मोठा होतो. पुढच्या सुटीत तो दारात जाऊन उभा राहिला तर ती पदर सावरून त्याला बसायला पाट मांडेल आणि आपण उभी राहील. एकदा सोडून दिलेला मुलगा नुसता दारात आला म्हणून ती परत घेणार नाही. तिचा विश्वास फक्त शिक्क्याच्या माणसावर आहे. शिक्क्याच्या माणसाने मुलगा नेला, तो शिक्क्याच्या माणसानेच परत आणला तर ती घेईल.

१८. सबब अर्जदाराची नम्र प्रार्थना की :

(अ) तलाठ्यांचा शेरा रद्द करून अर्जदाराचे नाव कै. आबासाहेब यांचा मुलगा म्हणून लावावे. जमिनीच्या उताऱ्यावर लावणे गैरसोयीचे असेल तर दुसरे कुठेही, समासात लावले तरी चालेल. महिपतींना शेत कसण्यास अर्जदाराची हरकत नाही व राहणार नाही. तसे लिहून दिले आहे.

(आ) साहेबांचा दाखला, फोटोची नक्कल, विजयराव व विभावरीताई यांचे लेखी म्हणणे आणि अर्जदाराच्या ड्रायव्हिंग लायसनची प्रत सोबत जोडली आहे. लायसनवर बापाचे नाव आहे.

(इ) आपण स्वतः, किंवा आपल्या हुकमाने टोपी व शिक्का असलेला कोणी अधिकारी, मौजे वांगणे येथे समक्ष जाऊन पारूबाई आबासाहेब खराडे यांना तोंडी सांगावे की, बाई, तुमचा मुलगा कुणाचा कोणी झालेला नाही. त्याला गाडी धुवावी लागते, साहेबांच्या पिशव्या उचलाव्या लागतात, आणि तो लॉर्ड होण्याची काडीमात्र शक्यता इंग्लंडात किंवा निमखेडात नाही. त्याला खरोखर तूप सोसत नाही. तुम्ही दिलेला अंगठा सरकारने परत केला आहे.

(ई) वरीलप्रमाणे समज दिल्यावर सदर बाईंनी अर्जदारास रंगनाथराव म्हणण्याचे बंद करून, पूर्वीप्रमाणे, ओसरीवरून, शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारावी, असा लेखी आदेश व्हावा. कायद्यात तशी तरतूद नाही हे अर्जदार जाणतो. तरी आपल्या अधिकारात असेल तेवढे करावे.

कळावे. आपल्या कचेरीपुढच्या पिंपळाखाली एकेकाळी बसणारा, आपला नम्र व कोणत्याही अर्थाने थोर नसलेला,

रंगनाथ आबासाहेब खराडे, आईकडून उर्फ रंग्या

मुक्काम दोहा, कतार
दिनांक १७ मार्च १९८३